प्रसाद म्हणून गांजा चालतो का?

प्रश्न : पुण्यात शिकणारा माझा भाचा म्हणतो, ‘अमेरिकेत रस्ताफारींचं चर्चच गांजाचा व्यापार करायचं. धर्म म्हणून ओढला तर कायदा हात लावत नाही.’ हे खरं आहे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : चर्च खरं, व्यापारही खरा. कायद्याचं मात्र त्याने साफ चुकीचं सांगितलं.

ते ‘इथिओपियन झायन कॉप्टिक चर्च’. मूळ जमैकातलं, गांजा पवित्र मानणाऱ्या रस्ताफारी पंथाचं. १९७०च्या दशकात अमेरिकी तरुण त्यात शिरले आणि मायामीच्या स्टार आयलंडवर, श्रीमंतांच्या वस्तीत, त्याचं ठाणं झालं. माल जमैकात पिके, गिऱ्हाईक अमेरिकेत. पैसा या वाटेने आला. (‘गांजा’ हा शब्द जमैकात नेला तो १८४५पासून तिथे गेलेल्या आपल्याच गिरमिट्या (करारावर नेलेल्या) मजुरांनी.)

१९७९मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा धर्म खरा आहे आणि गांजा त्याच्या उपासनेचा भाग आहे, हे दोन्ही मान्य केलं. तरीही बंदी कायम ठेवली, कारण वापराला धरबंदच नव्हता. धर्माशी देणंघेणं नसलेल्या मुलाच्याही हाती गांजा सहज पडत होता. पुढे चर्चच्या एका सदस्याने फक्त शनिवारच्या सायंप्रार्थनेपुरती सवलत मागितली. पेयोटे हे नशा आणणारं निवडुंग मूळ अमेरिकी लोकांच्या चर्चला चालतं, मग आम्हाला गांजा का नाही, हा त्याचा सवाल. १९८९मध्ये तोही न्यायालयाने फेटाळला. १९८० ते १९८७मध्ये पेयोटे पकडलं गेलं १९.४ पौंड आणि गांजा दीड कोटी पौंडांहून जास्त. एवढ्या मोठ्या चोरट्या बाजारातून प्रार्थनेचा गांजा वेगळा काढणार कसा?

आता भाच्याचं. आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सूट आहे ती औषध आणि संशोधनासाठी. गांजाला धर्माच्या नावाने नाही. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं-बिया त्यात येत नाहीत, म्हणून शेंडे आणि पानं एकत्र तोलली की वजनावरून कोर्टात वाद होतो. भांग या व्याख्येबाहेर असली, तरी तिला राज्याचा दारूबंदी कायदा लागू आहे.

१ किलोपर्यंत गांजा सापडला तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापुढे १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण २० किलोच्या वर धरतात. तिथे शिक्षाच १० वर्षांपासून सुरू होते. नुसता ओढला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

त्याला खरोखर व्यसन लागलं असेल, तर याच कायद्याचं कलम ६४अ त्याला समजावून सांगा. थोड्या प्रमाणाच्या (गांजा १ किलोपर्यंत) किंवा सेवनाच्या गुन्ह्यात आपणहून सरकारमान्य केंद्रात पूर्ण उपचार घेतले, तर खटल्यातून सुटका मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ही सुटका काढून घेता येते.