हवी असलेली भूमिका दुसऱ्या नटाने केलेली पाहताना मत्सर वाटतो का? वाटल्यास काय करावे?

मत्सर वाटतो. ज्याला वाटत नाही त्याला ती भूमिका मनापासून नकोच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी या नाटकाचे नायक अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, आणि नाटककार वि. वा. शिरवाडकर आमच्या नाशिकचे असल्यामुळे येथील हौशी नटाला आयुष्यात एकदा तरी अप्पासाहेब करावेत असे वाटतेच. आमच्या संस्थेने हे नाटक बसवले तेव्हा माझ्या वाट्याला जावई आला. अप्पासाहेब ज्यांना मिळाले ते सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते, म्हणून पहिले तीन आठवडे तालमीत त्यांचे संवाद मी म्हणत असे. चोरीचा आळ येतो त्या प्रवेशात एका संध्याकाळी, काहीही न ठरवता, मी खांद्यावरचे उपरणे काढून त्याची घडी घालू लागलो आणि त्या घडीबरोबर शब्द आपोआप संथ झाले. त्या दिवशी ते गृहस्थ रजा घेऊन आले होते आणि कोपऱ्यात बसून पाहत होते.

परशुराम साईखेडकर नाट्यगृहातील प्रयोगात मी विंगेत उभा असताना त्यांनी उपरणे काढले. माझ्या पोटात खड्डा पडला. परंतु मी घडी पूर्ण घालत असे. त्यांनी ती अर्ध्यावर सोडली, आणि सभागृह इतके शांत झाले की मागच्या रांगेतील खुर्चीची करकर मला ऐकू आली. ती अर्धी घडी मला सुचली नसती.

प्रयोगानंतर दिग्दर्शकांनी सर्वांसमोर त्या घडीचे कौतुक केले, पण ती कोठून आली हे ठाऊक असूनही सांगितले नाही. मी विचारले तेव्हा तालमीत सुचलेले सगळे नाटकाचे असते, असे उत्तर मिळाले. ते मला आजही अपुरे वाटते. ‘हे यांना सुचले’ एवढे एक वाक्य बोलल्याने नाटकाचे काही कमी होत नाही, आणि भूमिका न मिळालेल्या नटाला त्या वाक्याच्या बळावर पुढची दहा वर्षे आनंदाने नेपथ्य उचलता येते. दिग्दर्शकांनी हे शिकलेच पाहिजे.

आपण मात्र तो प्रयोग टाळू नका. शक्यतो दोनदा पाहा, कारण पहिल्या वेळी आपण समोरच्या नटाला पाहतच नाही, त्याचे संवाद आपल्या पद्धतीने मनात म्हणत असतो. लगेच रंगपटात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी भेटा आणि नेमके काय आवडले तेवढेच सांगा. त्या अर्ध्या घडीविषयी त्यांना सांगायला मला चार वर्षे लागली, आणि ती चार वर्षे आम्ही एकाच संस्थेत असून एकमेकांशी कामापुरतेच बोललो.

हे सारे हौशी रंगभूमीपुरते आहे. ज्यांचे घर नाटकाच्या नाइटवर, म्हणजे प्रत्येक प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर चालते त्यांची भूमिका गेली म्हणजे उत्पन्न गेले. त्यांना प्रयोग दोनदा पाहा असे मी सांगणार नाही.