अमेरिका की जर्मनी: किमान वेतन आणि कामाच्या अटी कुठे बऱ्या?

माझ्या मते जर्मनीत. अमेरिकेत संघराज्याचं किमान वेतन जुलै 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवरच अडकलंय. जर्मनीत कायदाच 2015 मध्ये आला, 8.50 युरोपासून सुरू झाला आणि 2025 मध्ये 12.82 युरोवर पोचला. अर्थात कॅलिफोर्नियासारखी राज्यं स्वतःचा दर बराच वर ठेवतात, त्यामुळे अमेरिकेत राज्य कोणतं हे आधी बघा. टिपवर जगणाऱ्या वेटरला मात्र संघीय कायद्यानुसार मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतं, टिप धरून 7.25 भरले की झालं. हा आकडा 1991 पासून हललेला नाही, आणि मला तो सरळ अन्याय वाटतो.

खरा फरक रजेत आहे. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा मिळते. नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारी पडलात, तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात खासगी नोकरदाराला या दोन्हींचा हक्क नाही. तापाने फणफणलेला माणूस कामावर जातो तो त्यामुळेच.

जर्मनीत आरोग्यविमा, पेन्शन वगैरे पगारातून कापले जातात, म्हणून हातात येणारी रक्कम धरूनच हिशेब करा.