कुंपास, कंपास आणि कोंपा

प्रश्न असा आला आहे: गोव्याच्या गायिका लॉर्ना यांच्या ‘नाचों-या कुंपासार’ या कोंकणी गाण्यातला ‘कुंपास’ म्हणजे नेमकं काय? त्याचा दप्तरातल्या कंपासशी काही संबंध आहे, की तो संस्कृत ‘कंप’वरून आला?

‘कंप’ आधी बाजूला ठेवू. गाणं ऐकताना अंगात थरथर येत असेलही, पण व्युत्पत्ती अशी लागत नाही. कंपासशी मात्र नातं आहे. सख्खं नाही, चुलत.

‘कुंपास’ हा पोर्तुगीज ‘कोंपासो’चा गोव्यातला अवतार. पोर्तुगीजमध्ये वर्तुळ काढायच्या साधनालाही कोंपासो म्हणतात आणि संगीतातल्या ठरावीक मात्रांच्या मापालाही. कोंकणीच्या तोंडी ‘कों’चा ‘कुं’ झाला. चर्चमधल्या पापकबुलीच्या ‘कोंफेसार’चं ‘कुमसार’ झालं, तसंच हे. मुळाशी लॅटिन ‘पास्सुस’ आहे, म्हणजे पाऊल. पावलांनी अंतर मोजणं ही मूळ कल्पना. कंपासचे दोन पाय कागदावर जे करतात, तेच नाचणारा फरशीवर करतो.

मराठीत कंपास आला तो इंग्रजीतून, भूमितीच्या तासाला. आपण तर साधनाचं नाव पेटीला देऊन मोकळे झालो. ‘कंपास विसरलो’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात पट्टी-खोडरबरासकट अख्खी पेटी असते! पाव, चावी, पगार हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पण ‘कोंपासो’ची गरज पडली नाही; ताल, ठेका, मात्रा घरचेच होते. गोव्यातल्या ख्रिस्ती मुलांचं तसं नव्हतं. चर्चच्या शाळांत ती पाश्चात्त्य स्वरलिपी शिकली, त्यामुळे संगीताचे शब्दही तिकडचेच रुळले. त्यांच्यातलेच पुष्कळ जण पुढे मुंबईच्या बँडांत वाजवू लागले.

या गाण्याचे संगीतकार क्रिस पेरी त्यांपैकीच. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, दोन्हींवर हुकमत. १९६०च्या दशकात लॉर्ना कॉर्देरो त्यांच्या बँडबरोबर मुंबईत गात होत्या, तेव्हा नाचाला जॅझही लागे आणि चा-चा-चासारखे क्यूबाचे ठेकेही. पेरींनी हा सगळा मेळ कोंकणी शब्दांखाली घातला, आणि लॉर्नांच्या भरदार, किंचित खरखरीत आवाजात तो असा मुरला की परका वाटेना. २०१४मध्ये या गाण्याच्याच नावाचा कोंकणी चित्रपट निघाला, तेव्हापासून हा शब्द गोव्याबाहेरच्या मराठी कानांवरही पडू लागला.

आता भाषांतर. ‘नाचों-या’ म्हणजे सरळ आपलं ‘नाचूया’. ‘-आर’ म्हणजे ‘-वर’. मेजार म्हणजे मेजावर, तसं कुंपासार. काही जण ‘नाचूया तालावर’ असं करतात. शब्दार्थ बरोबर, पण मराठीत तालावर नाचतो तो दुसऱ्याच्या! तो लाचारीचा वास या गाण्याला नको. माझं मत ‘नाचूया ठेक्यावर’ला.

जाता जाता या शब्दाच्या आणखी दोन भावंडांविषयी. फ्लामेंको या स्पॅनिश नृत्य-संगीतात ‘कोंपास’ हे मात्रांचं आवर्तन. त्यातल्या सोलेआ या प्रकाराच्या मात्रा एकतालासारख्या बारा, पण जोर तिसरी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावीवर. एकतालाच्या सवयीने टाळी द्यायला जाल तर फजिती होईल. दुसरं भावंड कॅरिबियन बेटांवरचं. १९५५च्या सुमारास हैतीमध्ये नेमूर झाँ-बाप्तिस्त यांनी नाचाचा नवा ठेका रूढ केला, त्याचं नाव ‘कोंपा’. तेही सॅक्सोफोनवालेच. गोव्याने हैतीकडून किंवा हैतीने गोव्याकडून काही घेतलेलं नाही. एकाच लॅटिन पावलाचे हे दोन ठसे.

लिहिताना ‘कुंपासार’ जोडूनच लिहावं. ‘कुंपा सार’ असं तोडलं, तर मराठी वाचक भात शोधू लागेल.