फील्ड प्रोजेक्ट आणि संगणक: रॅली सोडून काय करता येईल?

सर, दुसऱ्या वर्षाच्या दोन क्रेडिटच्या सामाजिक सहभाग प्रकल्पातच डिजिटल कौशल्यं कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळकडचं कॉलेज, आणि बेत डिजिटल साक्षरता रॅलीचा.

रॅली राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप गावाला आपल्याआधी आलं. गाडी अडते ती सरकारी अ‍ॅपपाशी. म्हणून ई-पीक पाहणी घ्या. २०२१ पासून सात-बारावरचा पीकपेरा शेतकऱ्यालाच मोबाइलवरून नोंदवता येतो. खरिपाची नोंद साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते (मुदत दर वर्षी तलाठ्याकडून पक्की करून घ्या), म्हणजे सत्राच्या वेळापत्रकात बसतं.

बांधावर गेल्यावर मुलं खरी शिकतात. काका म्हणतात "तीन एकर", अ‍ॅपला हवं हेक्टर-आर. एकराचे साधारण ४० आर आणि १०० आरांचा एक हेक्टर, म्हणून तीन एकरांचे १.२० भरायचं. पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) तुरीच्या ओळी असल्या की नुसता 'कापूस' निवडून भागत नाही. पिकाचा फोटो त्याच गटात (सातबाऱ्यावरच्या त्याच जमिनीत) उभं राहून काढावा लागतो, घरच्या ओसरीवरून जमत नाही. सातबारा विधवा बाईच्या नावावर आणि नोंदणीचा मोबाइल पुण्यात कामाला गेलेल्या मुलाकडे, हे तर सर्रास. ओटीपी तिकडेच जातो.

एक नियम मात्र कडक ठेवा: फोन शेतकऱ्याच्याच हातात. पोरांनी भराभर भरून दिलं तर पुढच्या हंगामात तो पुन्हा सेवा केंद्रावर पैसे मोजणार. आधार आणि बँक खात्याचे नंबर वहीत उतरवायचे नाहीत, ओटीपी मागायचा नाही.

संगणकाचं काम त्यानंतर. नाव न लिहिता कुठे अडलं एवढंच टिपायचं: रेंज, जुना मोबाइल नंबर, जमिनीचं सामाईक खातं. त्याचा तक्ता, एक आलेख, एक पान मराठी. इथं आपली पोरं उघडी पडतात. रील झकास करतात, पण सॉर्ट करताना एकच रकाना हलवून अख्खी यादी बिघडवतात. टायपिंग युनिकोडमध्येच घ्या, नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल ग्रामपंचायतीच्या संगणकावर भलतीच अक्षरं दाखवते. हे पान मुलांनीच २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचावं. आधी सरपंच आणि ग्रामसेवकांशी बोलून विषय घ्यायला सांगा.

क्षेत्रकामाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा तुमचे ६० झाले. 'रासेयो'चे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास वेगळे. तेच तास दोन्हीकडे दाखवायचा मोह होतो, तपासणीत ते सापडतं.

गुण बाइंडिंगच्या जाडीवर देऊ नका. निम्मे गुण तक्त्याला, आणि मुलांनी शिकवलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांना तुम्ही स्वतः भेटून नोंद उघडून दाखवायला सांगा, उरलेले त्यावर.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात आली की दुपारी घरी कोणी सापडत नाही. दुसऱ्या सत्रात हवं तर विहिरींच्या पाण्याची पातळी घ्या, जानेवारीपासून दर पंधरवड्याला त्याच विहिरी. टेप, वही आणि एक्सेल पुरतं.