गणिताचं गाठोडं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शून्य भारतात सापडलं म्हणतात. मग त्याआधीची माणसं हिशेब कसा करायची? लिहिता येत नसताना मोजता येत होतं का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : येत होतं. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण खळ्यावर ज्वारीची रास मापायला गाव त्यांनाच बोलवायचं. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून सुरुवात करायची आणि दर विसाला मूठभर ज्वारी बाजूला टाकायची. शेवटी त्या मुठी मोजल्या की हिशेब चोख.

आफ्रिकेत काँगोतल्या इशांगो इथं सुमारे 20 हजार वर्षांपूर्वीचं खाचा पाडलेलं हाड सापडलंय, पण खाचा कशाच्या यावर एकमत नाही. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या पश्चिम आशियातल्या मातीच्या गोट्या. सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी, शेती नुकती रुजत असताना, तिथले लोक धान्याचा, जनावरांचा हिशेब अशा लहान लहान आकारांनी ठेवू लागले. पुढं त्या गोट्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर शिक्का मारायची पद्धत आली. आता आत किती आहेत हे गोळा न फोडता कळायचं कसं? म्हणून गोळा ओला असतानाच गोट्यांचे ठसे बाहेरून उमटवू लागले. ठसे बाहेर दिसतातच, तर आत गोट्या कशाला! मग सपाट पाटी आली. डेनिस श्मांट-बेसेरा या विदुषींनी हा प्रवास मांडलाय. सगळ्या अभ्यासकांना तो जसाच्या तसा मान्य नाही, पण आजच्या इराकमधल्या उरुक या प्राचीन शहरातल्या 5 हजार वर्षांहून जुन्या पाट्यांवर बहुतेक हिशेबच आहेत, हे मात्र पक्कं.

खरी मोठी उडी त्यानंतरची. आधी पाच मेंढ्यांसाठी पाच खुणा लागत. पुढं पाचाची खूण वेगळी झाली, मेंढीची वेगळी. तोच पाच मग मेंढ्यांनाही चालला आणि तेलाच्या घड्यांनाही. मुलांना पाढे पाठ करायला लावण्याआधी शाळेत ही गोष्ट सांगायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

आता शून्य. आपल्या पैठणच्या सातवाहनांचा नाणेघाटातला लेख बघा. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात यज्ञात दिलेल्या गायी-घोड्यांचे आकडे कोरलेत. दहाला, शंभराला, हजाराला स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यामुळं शून्यावाचून काही अडलं नाही. शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्तानं लिहिले ते इ.स. 628 मध्ये.