डीबगरवरच्या कामात करिअर आहे का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून एक छोटी प्रोग्रामिंग भाषा आणि तिचा रनटाइम (तिचे प्रोग्रॅम चालवणारा आधारभूत कोड) लिहिला आहे. एलएलडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून चुका शोधण्याचं साधन) ‘स्टेप इन’ केलं, म्हणजे बोलावलेल्या फंक्शनच्या आत शिरायला सांगितलं, की माझ्या फंक्शनऐवजी रनटाइमच्या डिस्पॅच कोडमध्ये (कोणतं फंक्शन चालवायचं हे ठरवणाऱ्या भागात) जाऊन पोहोचते. मित्र म्हणतात, हे सोड आणि वेब शिक. काय करू?

उत्तर : सोडू नकोस. तुझ्या प्रकल्पात मुलाखत घेणाऱ्याला सर्वांत जास्त रस वाटेल तो याच भागात.

ही अडचण जुनी आहे. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत जवळपास प्रत्येक मेसेज (ऑब्जेक्टची मेथड, म्हणजे त्याचं फंक्शन, बोलावणारी हाक) रनटाइमच्या एकाच डिस्पॅच फंक्शनमधून जातो, पण एलएलडीबीत स्टेप इन करताना तिथे थांबावं लागत नाही. कोणत्या ऑब्जेक्टला कोणता मेसेज गेला हे पाहून डीबगर खरी मेथड शोधतो आणि तिथपर्यंत धावून थांबतो. हे काम डीबगरमधलं त्या भाषेचं रनटाइम प्लगइन आणि त्याने दिलेला ‘थ्रेड प्लॅन’ (कुठपर्यंत धावायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवणारा कोड) करतात. तुलाही हेच हवं आहे.

‘स्टेप-अव्हॉइड-रेजएक्स्प’ ही सेटिंग आधी करून बघशील, पण तेवढ्याने भागणार नाही. नको असलेल्या फंक्शनमध्ये शिरताच ती डीबगरला तिथून बाहेर काढते. त्या फंक्शनने पुढे बोलावलेलं तुझं फंक्शनही मग न थांबता चालून जातं. डिस्पॅचर टाळायचा नाही, पार करायचा आहे. लगेच सी++ प्लगइनला हात घालू नकोस. एलएलडीबीत थ्रेड प्लॅन पायथनमध्येही लिहिता येतो, ‘थ्रेड स्टेप-स्क्रिप्टेड’ने चालवता येतो. रिकर्शन आणि एक्सेप्शन यांच्या चाचण्या मात्र पहिल्यापासून ठेव. स्टेपिंग फसतं ते बहुतेक तिथेच.

आता नोकरीचं. कंपायलर, चिप, गेम इंजिन, डेटाबेस यांवर काम करणाऱ्या टीमना अशी माणसं लागतात. जागा वेबपेक्षा खूप कमी असतात आणि शोध लांबतो, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. मुलाखतीत स्टॅक अनवाइंडिंग (फंक्शन कॉलची साखळी मागे उलगडणं), कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला मूल्यं देण्याघेण्याचे नियम), ड्वार्फ या डीबग माहितीच्या फॉरमॅटमधल्या लाइन टेबलवर खोल प्रश्न येतील. त्यांची तयारी या कामातच होते आहे. सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या इतर जागांनाही अर्ज कर, तिथेही हेच ज्ञान चालतं.

पायथनमधला प्लॅन चालला, की एलएलव्हीएममध्ये (एलएलडीबी ज्याचा भाग आहे तो मुक्तस्रोत प्रकल्प) एखादा छोटा पॅच, म्हणजे बदल, पाठव, अगदी दस्तऐवजातली दुरुस्तीसुद्धा चालेल. त्यावर अनुभवी लोकांचे अभिप्राय मिळतील, आणि तो दुवा बायोडेटात प्रकल्पाच्या नावाशेजारी देता येईल.