पावसाळ्यात डाय-कटिंग मशीनमधून नाजूक जाळीची नक्षी अर्धवट कापली जाते, कडांना लव येते. डाय (नक्षीच्या आकाराचा धारदार धातूचा साचा) खराब झाला का?

बहुतेक वेळा डाय ठीक असतो, कागद दमट झालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. कार्डस्टॉक (कार्डाचा जाड कागद) ती शोषून मऊ पडतो, मग पात्याखाली तुटण्याऐवजी दबतो आणि धागे ओढल्यासारखी कड निघते. लागणारे कागद एक-दोन दिवस आधी सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इस्त्री फिरवू नका, कागद वाकडा होतो.

कापताना:
- जाळीसाठी २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत कागद घ्या. ३०० जीएसएम कार्डाच्या बेसला ठेवा.
- डायची धार कागदाकडे. दोन्हींच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला की बारीक पाकळ्या डायमध्ये अडकत नाहीत. (टाचणीने उकरताना निम्म्या पाकळ्या तिथेच तुटतात.)
- डाय प्लेटवर (डाय आणि कागद ज्यांच्यामध्ये ठेवून मशीनमधून काढतात ती पाटी) जरा तिरका ठेवा, म्हणजे लांब सरळ धार एकदम रोलरखाली येत नाही.
- तरी कापलं नाही तर साध्या ८० जीएसएम कागदाचा एकच थर वाढवा. हँडल जड झालं की थांबा. जास्त थर घातले तर प्लेट तडकते.

प्लेट वाकली असेल तर दर वेळी उलटवून वापरा. मात्र कोरडा कागद आणि सपाट प्लेट असूनही नक्षीतला तोच कोपरा कापायचा राहत असेल, तर तिथे डायची धार दबली आहे, तो बदलावाच लागेल.